शब्द देणार : पूर्वा ओव्हाळ

बिबवेवाडीत डोंगराच्या अंगाने जी वस्ती वर चढत गेली आहे, तिथल्या बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा आहे. शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात लाकूड फुगलेला. रोज सकाळी सातच्या सुमाराला, नळावर बायकांची गर्दी असताना, पोपटराव ओव्हाळ तो ओल्या फडक्यानं पुसतात, वाळेपर्यंत उभे राहतात आणि मग त्यावर एक इंग्रजी शब्द लिहितात. खाली मराठी अर्थ, त्याखाली एक वाक्य. आणि सगळ्यात खाली उजवीकडे, बारीक अक्षरात, 'शब्द देणार' असं लिहून एक नाव.

बावीस वर्षं हे चाललंय. पोपटराव स्वतः सातवी पास. कर्जतकडच्या गावातून आले तेव्हापासून मार्केट यार्डात हमाल, तेही फळविभागात. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण फळा सुटला नाही.

सुरुवात झाली सफरचंदाच्या पेटीवरून. परदेशी सफरचंदं नुकती यायला लागली होती. पोपटराव दिवसाला शंभर शंभर पेट्या पाठीवर वाहायचे आणि प्रत्येक पेटीवर तोच एक शब्द डोळ्यांसमोर यायचा. शेवटी त्यांनी गाळ्यावरच्या दिवाणजींना, दीनानाथांना, विचारलं, "अहो, हे पेरिशेबल म्हणजे काय?"

दीनानाथांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "नाशवंत. आणि तुम्ही असेच विचारत उभे राहिलात, तर संध्याकाळपर्यंत कळेलच."

पोपटराव मात्र तिथेच थबकले. सगळं नाशवंत आहे, हे ते दर पौर्णिमेला विहारात भन्तेजींच्या तोंडून ऐकत होते. तेच सफरचंदाच्या खोक्यावर छापून विलायतेहून येत होतं! त्या दिवशी त्यांनी विहाराच्या भिंतीवर खडूनं तो शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, आज काय? मग फळा आला.

फळ्याचे नियम हळूहळू ठरत गेले. शब्द पुस्तकातून शोधून आणायचा नाही. तो कामावर, रस्त्यात, दवाखान्यात, कुठंतरी माणसाला भेटलेला असला पाहिजे. वाक्य वस्तीतलं असलं पाहिजे आणि खरं असलं पाहिजे. आणि एकदा लिहिलेला शब्द दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुसायचा नाही. त्यामुळे फळ्यावर आलेले शब्द हे वस्तीच्या नोकरीधंद्याचे शब्द होते. गवंड्यानं 'लिंटेल' आणला, दवाखान्यातल्या आयाबाईनं 'गॉझ', हॉटेलाबाहेर लोकांच्या गाड्या लावणाऱ्या साईनाथनं 'व्हॅले', घरकाम करणाऱ्या एकीनं 'स्पॅच्युला', म्हणजे उलथनं. त्याचं वाक्य होतं, 'मॅडमकडे सहा स्पॅच्युला आहेत आणि स्वयंपाक मी करते.' शेजारच्या अभयनं एकदा 'सेरेंडिपिटी', म्हणजे अवचित काही चांगलं गवसणं, आणला होता.

"हा तुला कुठं भेटला?" पोपटरावांनी विचारलं.

"इन्स्टावर."

"म्हणजे भेटला नाही. भेटला की आण."

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस फळा पुसायला आला. त्या दिवशी शब्द होता 'एन्क्रोचमेंट', म्हणजे अतिक्रमण, आणि वाक्यात विहारामागच्या गल्लीचा उल्लेख होता. पोपटराव फळ्यासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. शब्द पुसला गेला नाही. त्या खुर्चीची गोष्ट वस्ती अजून सांगते.

पण सगळ्यात जास्त शब्द दिले ते पूर्वानं. पूर्वा त्यांची एकुलती एक मुलगी. पहिलीत होती तेव्हा वर्गातून पळत येऊन तिनं 'शार्पनर' दिला होता, आणि आपलं नाव फळ्यावर बघायला शेजारच्या चार पोरींना घेऊन आली होती. पुढं ती इंजिनिअरिंगला गेली. वस्तीतली पहिली कॉम्प्युटर इंजिनिअर, तिच्या नावाचा फ्लेक्स लागला होता. तिचे शब्द अवघड होत गेले, पण समजावून सांगायची हातोटी अशी की पोपटरावांना वाटायचं, हे तर आपल्याला माहीतच होतं.

"पप्पा, लेटन्सी. आपण विचारलं आणि उत्तर आलं, त्याच्या मधला वेळ."

दुसऱ्या दिवशी वाक्य होतं, 'सकाळी ललिताकडे चहा मागितला की लेटन्सी फार असते.' त्यांच्या बायकोला, ललिताबाईंना, ते नळावर कुणीतरी वाचून दाखवलं. मग दोन दिवस चहाच नव्हता.

नोकरी लागल्यावरही पूर्वा संध्याकाळी घरी आली की बूट काढता काढता म्हणायची, "पप्पा, आज एक आणलाय." बापलेकीचं बोलणं असं शब्दाशब्दानं चालायचं. तिची बढती त्यांना 'अप्रेझल'मधून कळली, तिचं साहेबाशी वाजलं ते 'एस्कलेशन'मधून. इतर घरांत बाप मुलीला काय विचारतात, हे पोपटरावांना कधी शिकावंच लागलं नाही.

मागच्या वर्षी जुलैतली गोष्ट. त्या दिवशी पूर्वा पाच वाजताच घरी आली. ललिताबाईंनी चहा दिला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पप्पा, एक शब्द आणलाय."

"बोल."

"रिडंडंट."

त्यांनी पेन घेतलं, तळहातावर लिहायला लागले. "डीनंतर यू ना? अर्थ?"

"जास्तीचा. नसला तरी चालतं असा."

"कुठं भेटला?"

"मेलमध्ये." ती हसली. "माझी पोस्ट रिडंडंट झालीय. तीन महिन्यांचा पगार देणार आहेत."

"मग व्यवस्थित आहे की," पोपटराव म्हणाले. "शेवटी एन टी, बरोबर?"

"बरोबर," पूर्वा म्हणाली.

हे वाचताना तुम्हाला पोपटरावांचा राग येईल. पण हमालाचं काम कसं असतं ते बघा. एका गाळ्यावर माल आला नाही की माणूस दुसऱ्या गाळ्यावर जातो. आज काम नाही म्हणजे आज काम नाही, एवढंच. त्यात कुणी तीन महिने बसून पगार देतो म्हटल्यावर त्यांना ती वाईट बातमी वाटलीच नाही. आणि शब्द तर सुरेख होता. असा शब्द नुसत्या सफरचंदाच्या पेटीवर सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलं. रिडंडंट. गरजेपेक्षा जास्तीचा, नसला तरी अडत नाही असा. वाक्य : पूर्वाची जागा कंपनीत रिडंडंट झाली. शब्द देणार : पूर्वा ओव्हाळ.

अभय रोज फळ्याचा फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर टाकायचा. त्या दिवशीही टाकला. त्या ग्रुपवर वस्ती होती, वस्तीतून बाहेर गेलेली माणसं होती, पूर्वाच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या. आठ वाजेपर्यंत तिचा फोन वाजायला लागला. कुणी वाईट बोललं नाही. सगळे चांगलंच बोलत होते. 'काही मदत?' 'आमच्या साहेबांना सांगू का?' 'धीर सोडू नकोस हं.'

पूर्वा केस न विंचरता तशीच विहारापाशी आली. फळ्यासमोर उभी राहिली. स्वतःचं नाव तिनं वाचलं.

"पप्पा, हे पुसा."

"उद्या सकाळी पुसेन."

"आत्ता पुसा."

नळावरच्या बायका बघत होत्या. पोपटराव म्हणाले, "अगं, तूच दिलास ना शब्द? नियम आहे. कुणासाठी पुसला नाही आजवर. तुझ्यासाठी पुसला तर लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीला वेगळा न्याय."

फडकं तिथंच बादलीवर होतं. तिनं स्वतः पुसलं असतं तर त्यांनी अडवलं नसतं, हे पोपटराव पुढं कितीतरी वेळा मनाशी म्हणाले. पण तिनं हात लावला नाही. घरी गेली. संध्याकाळी बॅग घेऊन बाहेर पडली. नारायण पेठेत एका मैत्रिणीची खोली आहे, तिथून नोकरी शोधणं सोपं जाईल, असं आईला सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नियमाप्रमाणे त्यांनी फळा पुसला.

त्याला चौदा महिने झाले. पूर्वाला चौथ्या महिन्यात दुसरी नोकरी लागली, हे त्यांना ललिताबाईंकडून कळलं. ललिताबाई दर गुरुवारी तिच्याकडे जाऊन यायच्या. जाताना पोपटराव पिशवीत फळं द्यायचे. यार्डात जायचे, ओळखीच्या गाळ्यावर चिकू एक एक करून अंगठ्यानं दाबून बघायचे, गुरुवारी संध्याकाळी खायला बरोबर होईल असेच घ्यायचे. चिकूंबरोबर भाजीचा डबाही जायचा. येताना तो परत यायचा. घासून, पुसून, लख्ख.

"घासून कशाला पाठवते?" ते एकदा म्हणाले. "परक्याच्या घरी देतात तसं."

ललिताबाईंनी डबा उचलून फळीवर ठेवला.

बिबवेवाडी ते नारायण पेठ, बसनं अर्धा तास. पोपटराव कधी गेले नाहीत. तिथं जाऊन काय बोलायचं हेच त्यांना कळेना. चुकलं म्हणायचं तर ते इंग्रजीत फार सोपं होतं आणि मराठीत त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलंच नव्हतं. वस्तीतल्या काहींनी सुचवलं, फळ्यावरच लिहा की एक 'सॉरी', अभय फोटो टाकेल, तिला दिसेल. ते त्यांनी ऐकलं नाही. फळ्यावर लिहूनच तर हे झालं होतं.

संध्याकाळी पाचला मात्र ते दाराशी जाऊन बसायचे. बुटांचा आवाज आला की मान वर व्हायची. शेजारचं कुणीतरी असायचं.

मग एक दिवस शंभू आला. शंभू वॉचमन, कोंढव्याकडच्या एका मोठ्या सोसायटीत. म्हणाला, "काका, शब्द आहे. ग्रीव्हन्स. आमच्या गेटवर पेटी लावलीय, ग्रीव्हन्स बॉक्स."

"गाऱ्हाणं," पोपटराव खूश होऊन म्हणाले. "छान आहे. वाक्य काय घालायचं? तुझं काय गाऱ्हाणं आहे?"

"वाक्य नको."

"वाक्याशिवाय कसं?"

"मग पाऊसपाण्याचं काहीतरी घाला. आणि माझं नाव टाकू नका, काका. एक रहिवासी म्हणा."

"का रे?"

शंभू खाली बघायला लागला. "काही नाही ओ. उगं पूर्वाताईसारखं व्हायचं."

पोपटरावांनी घरी येऊन कपाटातल्या वह्या काढल्या. फळ्यावरचा प्रत्येक शब्द ते वहीत उतरवून ठेवायचे. मागच्या वर्षभराची पानं चाळली. 'शब्द देणार : एक रहिवासी.' 'एक रहिवासी.' 'एक महिला.' 'एक रहिवासी.' वाक्यं बघितली. 'सूर्य रोज शेड्यूलप्रमाणे उगवतो.' 'गाय ऑरगॅनिक दूध देते.' रोज स्वतःच्या हातानं लिहिलेलं त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. वस्तीनं त्यांना शब्द देणं थांबवलं नव्हतं. स्वतःचं काही सांगणं तेवढं थांबवलं होतं.

"तुला ठाऊक होतं हे?" त्यांनी ललिताबाईंना विचारलं.

ललिताबाई मेथी निवडत होत्या. "मला वाचता येत नाही, तरी ठाऊक होतं."

"सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही शब्दच विचारता." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "त्या दिवशी पोरीनं चहा घेतला नव्हता. कपात साय धरली. मी ओतून टाकला. रात्री जेवलीही नाही. भिंतीकडं तोंड करून पडली होती. मला इंग्रजीतलं कळलं नाही, पण चहा कळला. तुम्ही तिच्यासमोर बसून हातावर लिहीत होतात."

तो कप आठवायचा पोपटरावांनी फार प्रयत्न केला. डीनंतर यू होता, शेवटी एन टी होतं, तिचं हसणं होतं. कप आठवेना.

त्या शनिवारी त्यांनी फळा पुसला आणि काही न लिहिता तसाच ठेवला. यार्डाला शनिवारी सुट्टी, म्हणून जन्मभर शनिवार हाच त्यांचा बाहेर जायचा दिवस. धुतलेला शर्ट घालून ते बसमध्ये बसले. स्वारगेट गेलं, बाजीराव रस्ता लागला. पहिल्यांदा काय बोलायचं, याची चार वाक्यं त्यांनी ठरवली होती. उतरेपर्यंत त्यांतली तीन वाईट वाटायला लागली.

इमारत जुनी नव्हती, पण जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते साठीच्या एका बाईंनी. या हेमाताई, त्यांच्याकडे तीन मुली राहायच्या.

"कोण हवंय?"

"पूर्वा. पूर्वा ओव्हाळ."

"आपण?"

"तिचे वडील."

हेमाताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आहेत का वडील? आई दर गुरुवारी येतात, म्हणून मी विचारलं नव्हतं." मग आत वळून, "पूर्वा! तुझ्याकडे आलेत." आणि पुन्हा यांच्याकडे, "चपला बाहेर. आणि बसा, उभ्यानं बोललं की भांडणं होतात."

पूर्वा आली. केस आखूड केले होते. पोपटरावांना वाटलं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मग वाटलं, कोण सांगणार?

खोलीत दोन कॉट होत्या. मैत्रीण गावाला गेलेली. पूर्वानं त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः कॉटच्या कडेला बसली, उठून जायचं असल्यासारखी.

"गुडघा कसा आहे?"

"जिना चढलो की."

"पाणी?"

"नको."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

"आज कुठला शब्द आणलात?" पूर्वानं विचारलं. आवाज कोरडा होता.

"आज नाही आणला."

"फळ्यावर काय लिहिलं?"

"काही नाही. कोरा आहे."

तिनं पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे पाहिलं. पोपटरावांनी ठरवलेलं चौथं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"तू त्या दिवशी चहा घेतला नव्हतास," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. आईनं परवा सांगितलं. मी समोर होतो, पण मला दिसला नाही. तर मी विचारायला आलोय. त्या दिवशी काय झालं होतं?"

"मेल आला होता. सांगितलं होतं ना तुम्हाला."

"तो शब्द झाला. तुझं काय झालं?"

पूर्वा खिडकीकडे बघत राहिली. "आता त्याचं काय, पप्पा? आता नोकरी आहे मला."

"आताचं नको सांगूस. तेव्हाचं सांग."

"चौदा महिन्यांनी?"

"उशीर झाला," पोपटराव म्हणाले. "मला कळायलाच एवढा वेळ लागला. चुकलं माझं. पुसायला हवा होता. लिहायलाच नको होता."

खालची स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

"मी तुम्हाला फळ्यासाठी नव्हता दिला तो," पूर्वा म्हणाली. "मला दुसरं कसं सांगायचं तेच येत नव्हतं. आपण दुसरं काही बोलतच नाही ना कधी. मला वाटलं, अर्थ सांगितला की तुम्ही विचाराल. 'मग आता कसं गं?' एवढं जरी विचारलं असतंत..."

"मग," पोपटराव म्हणाले. "मग कसं केलंस गं तू?"

पूर्वानं पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकवली. तिनं सुरुवात केली ती रागानंच. सकाळी पावणेअकराला व्हिडिओ कॉल होता. अकरा मिनिटं चालला. बोलणारी मुलगी तिच्यापेक्षा लहान होती आणि समोरचा कागद वाचत होती. कॉल संपायच्या आतच लॅपटॉपची स्क्रीन आपोआप बंद झाली, तिनं कधीतरी काढलेला आईच्या भाकरीचा फोटो त्यात तसाच राहिला. डबा भरलेला परत नेला तर आई विचारेल, म्हणून तिनं तो बसस्टॉपवर बसून संपवला. मेथी होती. सगळी संपवली, आणि मग रस्त्याच्या कडेला जाऊन ओकली. दुपारभर बसमध्ये बसून या टोकाहून त्या टोकाला फिरत राहिली, कारण एवढ्या लवकर घरी कशी जाणार? पुण्यात बसून राहायला तिला दुसरी जागा सुचली नाही.

पोपटराव ऐकत होते. मध्येच ती कंपनीतल्या लोकांबद्दल बोलायला लागली, आणि एकामागून एक तीन शब्द असे आले, जे त्यांना माहीत नव्हते. पहिल्या शब्दाला त्यांची बोटं सवयीनं खिशाकडे गेली. त्यांनी हात मांडीवर ठेवला. दुसरा गेला. तिसरा गेला.

पूर्वाच्या ते लक्षात आलं. ती थांबली. "गार्डन लीव्ह म्हणजे काय, कळलं का?"

"नाही."

"मग विचारलं नाहीत."

"नंतर कधीतरी सांग," पोपटराव म्हणाले. "बसमध्ये होतीस तू. मग पुढं?"

पूर्वानं उशी ओढून मांडीवर घेतली. हेमाताईंनी बाहेरून विचारलं, चहा दोघांचा टाकू का. पूर्वा म्हणाली, हो, टाका. आणि पुढचं सांगायला लागली.